महाराणीच्या कानात

आई गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगून गेला: बाईनं आयुष्यात कधी कुरकुर केली नाही. लेक पाण्याचे पेले भरत ऐकत राहिली. तिलाही तसंच वाटत होतं. आईचा आवाज चढलेला तिला आठवतच नव्हता. आठवत होते ते हात. धार काढून आल्यावर ऊनऊन असायचे, थंडीच्या दिवसांत शाळेला निघालेल्या लेकीच्या कानांवर आई ते दाबून धरायची. पुढे नात सुट्टीला यायला लागली तेव्हा तिच्याही कानांवर तेच हात, फक्त शिरा वर आलेले.

माणसं पांगली आणि घरात तिघं उरली: बाबा, लेक आणि कॉलेजात शिकणारी नात. गोठ्यात महाराणी.

महाराणी ही आईची गाय. नाव आईनंच ठेवलेलं, कारण नखरे तसेच. वासरू केव्हाच सुटं झालेलं, दूध भरपूर. पण आई गेल्यापासून तिनं पान्हा चोरायला सुरुवात केली होती. बाबा बसले की ती अंग आखडून उभी राहायची. बादलीच्या तळाला चूळभर दूध आणि कास दगडासारखी टणक. जनावरांचे डॉक्टर तपासून गेले. "आजार काही नाही," ते म्हणाले, "पण दूध आत साठत राहिलं तर गाय हातची जाईल." बाबांनी शेवटी व्यापाऱ्याला निरोप धाडला. सकाळी तो तिला न्यायला येणार होता.

आईचं कपाट लेकीनं कोरड्या डोळ्यांनी आवरलं होतं. पण महाराणीला दुसऱ्याच्या दावणीला बांधणं तिला सोसेना. आईचा हात ओळखणारं या घरात, बाबा सोडले तर, आता तेवढंच होतं.

संध्याकाळी तिनं आईचा कोपरांवर विरलेला स्वेटर चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि बुटकं स्टूल ओढून गोठ्यात बसली. महाराणीनं बाहीचा वास घेतला आणि मान फिरवली.

"फसायची नाही ती," बाबा म्हणाले. ते गोठ्याचं दार धरून उभे होते. धरावंच लागे, दार एका बिजागरीवर लोंबत होतं आणि दुसऱ्या बाजूनं सुतळीनं बांधलेलं होतं. बाबा सुतार होते.

"आई हिला गाणं म्हणायची ना? मला अंथरुणात ऐकू यायचं, भिंतीपलीकडून. त्या आवाजानंच जाग यायची." लेकीनं गुणगुणून पाहिलं. महाराणीनं शेपटीचा एक फटका तिच्या गालावर दिला.

खांबाला टेकलेली नात हसली आणि मग तिनं मान हलवली.

"आई, आजी गात नव्हती गं."

"मग?"

"बोलायची."

"काय बोलायची?"

नातीनं आजोबांकडे चोरून पाहिलं. "जाऊ दे."

"अगं, सकाळी गाय चाललीय! बोल की."

"आजोबांबद्दल. मला धार काढायला शिकवायची तेव्हा ऐकलंय मी. बाहेर बोलू नकोस म्हणाली होती."

"चांगलं बोलायची का?" बाबांनी विचारलं.

"नाही, आजोबा."

बाबांनी दाराची सुतळी उगाच घट्ट केली. "म्हण बघू."

नातीनं डोळे मिटले आणि आजीचा सूर धरला. "'ऐक गं महाराणी. हा माणूस गावभर दारं बसवत फिरतो आणि माझ्या गोठ्याचं दार सुतळीला टांगलंय. विचारलं की उद्या. याचा उद्या उजाडेपर्यंत तू म्हातारी होशील.'"

हा माणूस! चारचौघांत आई 'अहो'च्या पलीकडे कधी गेली नव्हती.

महाराणीचे कान वळले. लेकीनं ते पाहिलं. तिनं आईसारखंच कपाळ गायीच्या कुशीला टेकवलं आणि सुरुवात केली. "ऐक गं महाराणी. मीठ कमी पडलंय हे हा माणूस ताट संपल्यावर सांगतो. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. सापडला की मलाच विचारतो, इथे कुणी ठेवला?"

बादलीत बारीकशी धार वाजली. पण लेकीच्या तक्रारी संपल्या. घर सोडून इतकी वर्षं झालेली. तिच्यापाशी होतं ते लुगड्याच्या काठाएवढं, उरलेलं सगळं आईच्या पोटात. ती थांबली तशी धारही थांबली.

"घोरतो म्हणावं," दारातून बाबा म्हणाले.

"तुम्हीच बसा. परवा मी गेल्यावर हिच्याशी कोण बोलणार आहे?"

बाबा बसले. रंधा धरून घट्टे पडलेले हात त्यांनी कोमट पाण्यात बुडवले. "हा माणूस घोरतो," ते शाळेत उभं केल्यासारखे म्हणाले. "लग्न झाल्यावर म्हणाला होता, तुला समुद्र दाखवीन. दर वर्षी कुणाचं तरी दार निघालं."

महाराणीनं पाय बदलला. बस्स, तेवढंच.

बाबांनी स्टूल जवळ ओढलं. मग त्यांनीही कपाळ टेकवलं आणि त्यांचा आवाज अगदी खाली आला. "सगळं तुला सांगत होती होय? मला का नाही सांगितलं गं? मी काय खाल्लं असतं तिला? समुद्राचं एकदा बोलायचं होतं. गेलो असतो. दुकान बंद ठेवून गेलो असतो..."

बादली आधी खणखणली, मग तिचा आवाज हळूहळू दाट होत गेला. लेकीनं नातीचा हात धरला आणि दोघी आवाज न करता बाहेर पडल्या.

सकाळी लेकीला जाग आली ती भिंतीपलीकडच्या पुटपुटण्यानं. शब्द लागत नव्हते. ती डोळे मिटून पडून राहिली. आता कुणीतरी येईल आणि ऊनऊन हात कानांवर ठेवील अशी.

अंगणातून व्यापाऱ्यानं हाक मारली. पुटपुटणं थांबलं.

"गाय विकायची नाही!" बाबा आतून ओरडले. "चहा घेऊन जा. आणि त्या दाराला हात लावू नका, पडेल ते. उद्या करणार आहे मी."