दोन हात जास्तीचे

संग्रहालयाचे क्युरेटर यायच्या आधी ठमीने तो दगड तीनदा बाहेर काढला, तीनदा पुसला आणि तीनदा परत कपाटात ठेवला. ठमी हे घरातलं नाव. पन्नाशी उलटली तरी आईच्या तोंडी तेच होतं. बाहेरच्या जगात ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली बाई होती. रिपोर्टात एखादा आकडा चुकला असेल अशी नुसती शंका आली, तरी तिला घास उतरत नसे.

आज सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं.

दगड ताटाएवढा, करड्या चुनखडीचा. त्यावर माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, एका फार प्राचीन भाऊबंदाचा जीवाश्म होता: लांबट धड, त्यात सुकलेल्या शाईची काळी पिशवी आणि डोक्याकडून पसरलेले दहा हात. या प्राण्यांचं मऊ अंग मेल्यावर कुजून जातं. हातांसकट दगडात टिकलेला नमुना क्वचितच सापडतो. बाबांनी तो एका बंद पडलेल्या खाणीत शोधला होता. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आता तो दगड संग्रहालयात जाणार होता आणि खालच्या पट्टीवर बाबांचं नाव लागणार होतं.

पण ठमीला एक दुपार आठवत होती. ती नऊ वर्षांची होती. बाबा टेबलाशी वाकून दगडाची पूड गोंदात कालवत होते आणि बारीक कुंचल्याने याच दगडावर काहीतरी रेखत होते.

"काय करताय, बाबा?"

"डागडुजी," बाबा म्हणाले होते.

किती डागडुजी, हे तिने कधी विचारलं नाही. आता विचारायला बाबा नव्हते. सगळाच प्राणी कुंचल्यातून उतरला असेल तर? मग त्या पट्टीवरच्या नावाला लोक हसतील.

क्युरेटर आले, बसले. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण शंकेचा नमुना तिने आजवर कधी पुढे जाऊ दिला नव्हता. त्यांचा चहा संपायच्या आत तिने ती दुपार सांगून टाकली.

"बरं झालं बोललात," क्युरेटर म्हणाले. "अतिनील दिवा आणलाय मी. खरं अंग पिवळसर चमकतं, गोंद निळसर. मिट्ट काळोखाची खोली आहे का एखादी?"

घरात बिनखिडकीची खोली एकच होती.

"अगं ठमे, पाहुण्यांना न्हाणीघरात नेतेस?" आई ओरडली. "बाहेरची खोली काय शोभेला ठेवलीय?"

"काळोख हवाय, आई."

"मग मलाही आत घ्या. एवढं काय बघताय ते बघू दे."

उपड्या बादलीवर दगड ठेवून तिघं दाटीवाटीने उभी राहिली. ठमीने दार लावून दिवा मालवला. क्युरेटरांचा दिवा जांभळा उजळला.

धड पिवळसर चमकलं. शाईची पिशवी काळीच राहिली. मग क्युरेटर एकेक हात मोजू लागले. पिवळा, पिवळा, पिवळा... आठ झाले. दोन्ही कडांचे शेवटचे दोन हात निळेपांढरे लखलखत होते.

"हे दोन गोंदाचे."

ठमी म्हणाली, "म्हणजे बाबांनी फसवलं."

"कुणी फसवलं?" काळोखातून आईचा आवाज आला. "मागे लिहून ठेवलंय की त्यांनी."

"मागे कुठे काय आहे? मागे हिरवं कापड आहे."

"ते मी चिकटवलं. दगडाने माझ्या कपाटाच्या फळीला ओरखडे पडत होते. लिहिलेलं काय पळून जाणार होतं?"

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तू आज विचारलंस!"

स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठमीने बोथट सुरीने ते कापड हलकेच सोडवलं. खाली बाबांचं तिरपं, ठसठशीत अक्षर होतं: 'दोन्ही कडांचे शेवटचे हात मी केलेले आहेत. मुळात आठच मिळाले. दोन तुटून गेले असावेत.' खाली तारीख, सही.

क्युरेटर ते दोनदा वाचून मोठ्याने हसले. "तुटले नव्हते हो! याला आठच असणार. फोटोत दहा हात पाहून आम्ही याला माकुळाच्या घरात बसवलं होतं. हा तर ऑक्टोपसच्या बाजूचा नातेवाईक दिसतोय. असे फार थोडे मिळालेत. तुमच्या बाबांनी दुर्मीळ वस्तू दुरुस्त करून साधी करून ठेवली."

"खोडच होती त्यांना," आई म्हणाली. "चांगला चालणारा माझा मिक्सरही एकदा दुरुस्त केला होता. त्यानंतर तो कधी चालला नाही."

ठमी हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

"ते दोन हात काढता येतील?"

"येतील. आणि मागचं अक्षर तसंच ठेवू. पट्टीवर नाव लागेलच."

संग्रहालयाच्या फॉर्मवर 'आधी केलेली दुरुस्ती' असा एक रकाना होता. ठमीने त्यात नीट लिहिलं: 'दोन हात. वडिलांनी केलेले. नोंद दगडाच्या मागे.' पेन बंद करताना तिला एकदम कडकडून भूक लागली.

"आई, खायला काय आहे?"

"आहे सगळं," आई म्हणाली. "आधी तो दगड माझ्या ओट्यावरून उचल. ओरखडे पडतील."