पाच मिनिटांचं काम

"एक, दोन, तीन, चार." हिसाएने खांबापासून बोटाने मोजलं आणि चौथ्या ढिगापुढे ती ब्रश घेऊन उभी राहिली.

पहाटेचे पाच वाजले होते. रात्रभरात गुडघ्याच्या वर बर्फ पडला होता आणि उत्तर जपानमधल्या इवामिझावाच्या त्या जुन्या वसाहतीतल्या सगळ्या गाड्या एका रंगाच्या, एका आकाराच्या होऊन बसल्या होत्या. दिव्याच्या खांबापासून चौथी गाडी आपली, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्याहून जास्त ठाऊक असायची तिला कधी गरजच पडली नव्हती. सव्वीस वर्षं ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला जात होती, आणि सव्वीस हिवाळ्यांत तिने आपली गाडी अशी बुडालेली एकदाही पाहिली नव्हती. ती जिना उतरून यायची तेव्हा काचा लख्ख असायच्या, इंजिन सुरू असायचं, आत ऊब असायची. ते काम नवऱ्याचं, तोकुइचीचं.

"किती वेळ लागतो हो तुम्हाला?" लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिने एकदा विचारलं होतं.

"पाच मिनिटांचं काम," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला होता. तोकुइचीच्या मानाने हे भाषणच झालं. रेल्वेत रुळांवरचा बर्फ काढण्यात त्याची हयात गेली, आणि तोंड उघडलं तर आत बर्फ जाईल अशी त्याला भीती वाटत असावी. हिसाए बहिणीला म्हणायची, "भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान कॅलेंडर तरी टांगता आलं असतं." ऑक्टोबरात तो गेला तोही तसाच, भर दुपारी, स्टोव्हपुढे बसल्या जागी. हाक नाही की निरोप नाही. रडून झाल्यावर हिसाएला राग आला आणि तो राग अजून गेला नव्हता. छत्तीस वर्षांच्या संसाराचा एक शब्द तिला हवा होता. बरी होतीस, एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं.

अस्थी समाधीत ठेवायचा एकोणपन्नासावा दिवस आला तोवर टेकडीवरची घराण्याची समाधी बर्फाखाली गेली होती. आता अस्थी ठेवायच्या त्या मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर. म्हणजे हा हिवाळाभर तो घरीच होता, पांढऱ्या कापडात बांधलेल्या पेटीत, टीव्हीच्या शेजारी, पूर्वीइतकाच गप्प.

तिने आधी गाडीचं नाक साफ केलं, मग टपावर ब्रश फिरवला. टपावरचा सगळा बर्फ धबकन नाकावर आला. पुन्हा नाक साफ केलं. हातमोजे भिजले, पाठ भरून आली. सहाला कामावर पोचायचं होतं. साठ म्हाताऱ्यांची तांदळाची पेज आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं सार सातला टेबलावर लागतं. सव्वीस वर्षांत हिसाएला एक मिनिटही उशीर झालेला नव्हता. त्याचं प्रशस्तिपत्र घरात दाराशी टांगलेलं होतं आणि तिचा तोरा त्या चौकटीत मावत नव्हता. चिनात्सु नावाची तरणी पोरगी हिवाळ्यात हमखास उशिरा यायची. "गाडीवर बर्फ होता हो," ती म्हणायची. हिसाए भाजी चिरता चिरता सुनवायची, "पाच मिनिटांचं काम असतं ते. पाच मिनिटं आधी उठावं माणसानं. आमच्याकडे कसं होतं मग?"

तरी आज तिने शहाणपणाने पाचाऐवजी वीस मिनिटं हाताशी ठेवली होती. पस्तीस झाली तेव्हा कुठे समोरची काच दिसू लागली.

आणि काचेवर वायपर उभे होते.

या भागात रात्री गाडी लावताना वायपर काचेपासून उचलून उभे करून ठेवतात, नाहीतर ते काचेला गोठून बसतात. काल संध्याकाळी हिसाए ते करायला विसरली होती. जिना चढताना तिला आठवलंही होतं, पण गुडघे दुखत होते, म्हणून ती परत फिरली नाही. आणि आता ते दोन्ही वायपर सरळ उभे होते. तिचा हात थांबला. ह्यांनी केले, असं तिला वाटलं. ह्यांनीच केले असणार, दुसरं कोण करतंय? श्वास एकदा घेऊन सोडेपर्यंत तोकुइची जिवंत होता. आत्ताच वर गेला होता, स्टोव्हपाशी बसला होता. ती वर खिडकीकडे बघायला वळलीसुद्धा.

मग तिने काचेवरचा उरलेला बर्फ खरवडला. आत पुढच्या सीटवर मासे पकडायला जाताना घालायची हिरवी टोपी होती. टोपी तिच्या घरातली नव्हती. गाडीही नव्हती.

"वहिनी! माझ्या गाडीवर एवढी माया?" खालच्या मजल्यावरचे ओनोदेरा फावडं खांद्यावर टाकून येत होते. सत्तरी ओलांडलेला, तोकुइचीचा एकुलता एक दोस्त. दोघं मिळून तळ्यावर जायचे आणि दिवसभर एकमेकांशी न बोलता परत यायचे.

"भाऊजी, मी खांबापासून चार मोजल्या हो!"

"पहिला ढीग गाडीचा नाही. रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने बर्फ लोटून ठेवलाय तिथे." ओनोदेरांनी शेजारच्या ढिगावर फावडं आपटलं. "ही तुमची."

हिसाए त्या ढिगाकडे बघत राहिली. पावणेसहा होत आले होते. मग तिने पिशवीतून पाण्याचा थर्मास काढला.

"गरम पाणी ओताल तर काच तडकेल," ओनोदेरा ओरडले. "आणि वायपर ओढू नका, रबर फाटेल. आधी मागे जा. सायलेन्सर मोकळा करा, मग इंजिन चालू करा. नाहीतर आतल्या आत धूर कोंडून जीव जायचा. काच आतून तापली की बर्फ आपण होऊन सुटतो. तोकु तसंच करायचा."

"पाच मिनिटांत?"

"कोण म्हणालं पाच मिनिटं?"

ओनोदेरांनी तिच्या गाडीचं मागचं चाक उकरायला घेतलं.

"चारला दहा कमी असताना यायचा तो. माझी झोप तेव्हाच मोडायची, खिडकीतून बघायचो ना. असा बर्फ असला की तास-सवा तास. रात्रपाळी असली तर रुळांवरचा काढून यायचा आणि हा काढायचा. एकदा म्हटलं, अरे मेल्या, जरा उजाडू दे की. तर म्हणाला, ती उठायच्या आत उरकलं पाहिजे. तिला कळलं तर फावडं हिसकावून घेईल, आणि तिला बर्फ काढता येत नाही."

ओनोदेरांनी आपल्या गाडीकडे पाहिलं. नाकावर पुन्हा बर्फाचा ढीग बसला होता.

"खरंच बोलत होता की," ते म्हणाले.

हिसाएला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. तिला त्याचे केस आठवले. हिवाळ्यात रोज सकाळी ती उठायची तेव्हा तो स्टोव्हपुढे पेपर उघडून बसलेला असायचा आणि केस ओले असायचे. तिला वाटायचं, तोंड धुताना पुसायचा आळस. "डोकं पुसून बसा, पेपर भिजतोय," ती रोज म्हणायची. सव्वीस वर्षं म्हणत होती. तो बर्फ होता, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. तो तिला आत्ता, याच मिनिटाला हवा होता. शब्दासाठी नव्हे, नुसता तसा ओल्या केसांनी बसलेला.

"द्या, उरलेलं मी करतो," ओनोदेरा म्हणाले.

"नको भाऊजी. सांगत राहा, करते मी."

वृद्धाश्रमात पोचायला तिला सहा चाळीस झाले. उशीर होईल म्हणून तिने फोन केला, तेव्हा आश्रमाचे साहेब घाबरून गेले होते, "बरं नाही का तुम्हाला?" म्हणून. स्वयंपाकघरात चिनात्सुने एकटीने पेज चढवली होती आणि सारात मिसो घोळत ती उभी होती.

"काय झालं हिसाएताई?"

"गाडीवर बर्फ होता."

चिनात्सुने वळून पाहिलं. सव्वीस वर्षांचं नाही, पण तिचं स्वतःचं चार हिवाळ्यांचं उट्टं काढायचं होतं. "पाच मिनिटांचं काम ना ते?"

"दीड तास लागला," हिसाए म्हणाली. "तुला फार बोलले ग मी. चुकलंच माझं." पोरीची थट्टा तिथेच विरली. तिने मुकाट्याने सुरी आणि कांद्याच्या पातीची जुडी पुढे सरकवली, आणि हिसाए चिरायला लागली.

संध्याकाळी गाडी लावल्यावर तिने दोन्ही वायपर उभे केले. ओनोदेरांची गाडी अजून आली नव्हती. पुन्हा मोजायला चुकू नये म्हणून तिने खांबाच्या बाजूच्या ढिगात एक काठी रोवली आणि वर गेली. दाराशी टांगलेलं प्रशस्तिपत्र खिळ्यावरून काढलं, त्यावरची धूळ पदराने पुसावी तशी ॲप्रनने पुसली, आणि ते पेटीसमोर नेऊन उभं केलं. "तुमचं आहे," ती म्हणाली. "पाच मिनिटं म्हणे!" मग घड्याळाला चारला दहा कमीचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी बर्फ बेताचाच होता. ती सगळं उरकून वर आली तेव्हा पाचसुद्धा वाजले नव्हते. दारात पेपर पडला होता. तोकुइची गेल्यापासून तो कुणी उघडत नव्हतं, पण बंद करायलाही तिचा हात धजला नव्हता. ती स्टोव्हपुढे त्याच्या जागेवर बसली, पाय पसरले, पेपर उघडला. केसांतून एक थेंब निथळून पानावर पडला, मग दुसरा.

"डोकं पुसून बसा, पेपर भिजतोय," हिसाए मोठ्यांदा म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.