पहिली टिप्पणी

आमच्या समाजमंडळाच्या स्मरणिकेत सरकारी अधिकाऱ्यांसाठी दोनच रकाने असतात. एक 'कलेक्टर दर्जा' आणि दुसरा 'इतर'. ही विभागणी माझ्या मोठ्या काकांची, रुपचंद आबांची. ते धुळ्यातल्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. अधिकारी दिल्लीत प्राप्तिकर खात्यात असो की हवामान खात्यात, आबा अहिराणीत पहिला प्रश्न हाच विचारतात, "हाऊ साहेब कलेक्टरना वर शे का खाले?" म्हणजे, कलेक्टरच्या वर आहे की खाली.

मागच्या वर्षी त्यांनी माझा फोटो 'भावी कलेक्टर' म्हणून छापला. मी तेव्हा यूपीएससीची मुख्य परीक्षा दिली होती, इतकंच. निकाल लागला आणि त्यात मी नव्हते. मधल्या काळात कर्मचारी निवड आयोगाची परीक्षाही दिली होती. तिच्यात लागले. जलशक्ती मंत्रालय, नवी दिल्ली, पद सहायक कक्ष अधिकारी, एकवीस तारखेपर्यंत रुजू व्हायचं. पत्र आलं तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी शिकवणीच्या मुलांना सांख्यिकीतलं विचलन शिकवत होते. मुलांना सोडून दिलं आणि पत्र चार वेळा वाचलं.

बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द आबांचा. आईने त्यांना फोन केला. मी शेजारी उभी होते.

"सहायक म्हंजे कारकूनच ना?" आबा इतक्या जोरात बोलले की स्पीकर लावायची गरज नव्हती. "मी समाजमा बठ्ठासले सांगी टाकं, आमनी मेघा कलेक्टर व्हयी म्हनीसन. आते काय सांगू?"

"आबा, त्यात कारकून काही नाही," मी म्हटलं.

"तू थांब. तेरा तारखेले मंडळना कार्यक्रमले देवरे साहेब येतस. सहसचिव व्हतात, केंद्र सरकारमा. कलेक्टरना बी वर! साहेब सांगतीन तसं करसूत. कबूल?"

मी लगेच कबूल म्हटलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला माहीत नव्हतं की मी हे इतक्या सहज का मान्य केलं.

योगेंद्र देवरे साहेबांचा स्टेजवरचा परिचय लिहून वाचायचं काम आबांनी माझ्याकडेच दिलं होतं. साहेबांनी पाठवलेला मजकूर 'उपसचिव' या पदापासून सुरू होत होता. तेव्हा त्यांचं वय एकोणपन्नास असणार. त्याच्या आधी काय? आलेख मधूनच सुरू झाला तर माझ्या डोक्याला खाज सुटते. म्हणून मी केंद्रीय सचिवालयाच्या जुन्या ज्येष्ठता याद्या शोधल्या. त्या कुणालाही बघता येतात. दोन दिवस लागले. साहेब तेविसाव्या वर्षी सहायक म्हणून लागले होते. म्हणजे आज मला मिळालेलंच पद, फक्त जुन्या नावाचं. अकरा वर्षं सहायक, नऊ वर्षं कक्ष अधिकारी, सहा वर्षं अवर सचिव. मग उपसचिव, संचालक, आणि निवृत्तीआधी दोन वर्षं सहसचिव.

हे हातात असल्यावर मी कबूल का नाही होणार? साहेब 'जा' म्हणणार, याची मला खात्री होती. ही माझी चूक होती. एकाच नोंदीवरून मी निष्कर्ष काढला होता. असं करणाऱ्या मुलांचे मी एरवी गुण कापते.

तेरा तारखेला आई आणि मी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. कार्यक्रमाआधी जेवण होतं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. साहेब सावकाश, नीट चावून जेवत होते. आबांनी मला पुढे केलं. "हाई आमनी मेघा. फिजिक्समा एमएस्सी शे. परिचय हाईच वाचई."

साहेबांनी हात धुतले, चष्मा लावला आणि माझा कागद वाचला. मी वर जोडलेल्या पहिल्या तीन ओळींवर ते थांबले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी त्या ओळी खोडल्या. रेघ अगदी सरळ आली.

"हे कुठून मिळवलंस?"

"ज्येष्ठता याद्यांतून, साहेब. चूक आहे का काही?"

"चूक नाही. नको आहे."

आबा गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, "साहेब सहायक म्हणून लागले होते, आबा. मला जे पद मिळालंय तेच."

आबांचा चेहरा पडला. देवरे साहेब त्यांच्या रकान्यातून घसरतात की काय, असा तो चेहरा होता. मग त्यांना कबुलीची आठवण झाली असावी. "मग साहेब, तुम्हीच सांगा पोरले. तिनी जावं का नही?"

"नको जाऊ," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. आवाजात राग नव्हता. "अकरा वर्षं मी एका खोलीत एकाच खुर्चीत बसलो. मागून येणारे, थेट अधिकारी म्हणून भरती झालेले तिशीतले माझ्या टिप्पणीवर सही करून पुढे जायचे. तू यादी पाहिलीस ना? माझ्या वर्षाचे सहसचिव किती झाले?"

"दोनशे बारातले चार."

"मग? सांख्यिकी शिकलीस ना तू?"

"बघ!" आबा म्हणाले. "साहेब मनमोकळं सांगी राहिनात."

साहेब खोटं बोलत नव्हते, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. चारला दोनशे बाराने भागलं की दोन टक्केही येत नाहीत. मी हे घरी भागून पाहिलं होतं आणि तरीही त्यांच्या होकाराची वाट बघत होते. आता तो येणार नव्हता, तर माझं स्वतःचं काय म्हणणं आहे ते मला उभ्याउभ्या शोधावं लागलं.

"साहेब, एक विचारू? फाइलवर पहिली टिप्पणी कोण लिहितं?"

"सहायक."

"आणि त्याने आकडा चुकीचा घेतला तर? वरच्या पाच सह्यांपैकी कोण पकडतं?"

"क्वचित कुणी पकडतं. वर सगळ्यांना घाई असते."

"तुमचा कधी चुकला?"

"एकदाही नाही," ते ताबडतोब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "अकरा वर्षांत एकदाही नाही."

"मला ते काम करायचंय. प्रयोगशाळेत आम्हाला पहिलं मोजमाप घ्यायला वर्षभर शिकवलं. ते चुकलं की पुढची सगळी गणितं फुकट जातात. सहसचिव होण्यासाठी मी जात नाहीये."

"आठ वर्षांनी असं बोलून दाखव. तेव्हा फोन कर."

"नंबर द्या."

साहेब हसले नाहीत, पण कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी नंबर लिहिला. मी कागद घडी करून ठेवला आणि म्हटलं, "परिचय मी वाचला तर पूर्ण वाचेन. अर्धा माझ्याने वाचवणार नाही. खोडलेलं हवं असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा."

"दुसऱ्या कुणाला सांगा," साहेब आबांना म्हणाले.

साहेबांचा मूळ मजकूर सूत्रसंचालन करणाऱ्या चंदन सरांनी वाचला आणि उपसचिवपदापासूनच सुरुवात केली. टाळ्या भरपूर पडल्या. मग गुणवंतांचा सत्कार सुरू झाला. माझं नाव दहावं होतं. मागच्या वर्षीच्याच शब्दांत पुकारा झाला, "भावी कलेक्टर, कुमारी मेघा!"

आबांनी हार घातला. घालताना कानाशी पुटपुटले, "कबूल करेल शे तू. ध्यानमा ठेव."

"केलं होतं, आबा," मी हळूच म्हटलं. "तो शब्द मी मोडतेय."

आमच्या मंडळात माइकवर बोललेलं पक्कं धरतात. सोयरिकी जाहीर होतात, देणग्या जाहीर होतात, आणि मग कुणी मागे हटत नाही. मी चंदन सरांसमोरचा माइक माझ्याकडे ओढला.

"मी भावी कलेक्टर नाही. मी केंद्र सरकारच्या जलशक्ती मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून लागले आहे. एकवीस तारखेला दिल्लीत रुजू होणार आहे. स्मरणिकेत तसंच छापा."

सभागृहात दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीचे वाजवत नाहीत हे पाहून थांबले. आबांनी माइक घेतला. "पोर गंमत करी राहिनी," ते हसत म्हणाले, आणि सगळं सभागृह सुटल्यासारखं हसलं. खाली तिसऱ्या रांगेत आई बसली होती. ती हसली नाही. पिशवी घेऊन उभी राहिली, निघायची वेळ झाल्यासारखी.

माइक आता आबांच्या मुठीत होता. मी स्टेजच्या कडेपर्यंत गेले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तेवढा आवाज लावला.

"गंमत नाहीये. सहायक कक्ष अधिकारी. एकवीस तारीख. ज्यांना ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी परत सांगते."

आणि मी परत सांगितलं.