गालांना आठ, नाकाला पाच

उन्हाळ्यात दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची मृत त्वचा उतरवणं हे शस्त्रक्रियेइतकंच जबाबदारीचं काम आहे, अशी पार्लरवाल्या ताईंची श्रद्धा होती. ही श्रद्धा त्यांना तीन आठवड्यांच्या कोर्सच्या शेवटी प्रमाणपत्राबरोबर मिळाली होती. प्रमाणपत्रावर त्यांचं आडनाव चुकलं होतं, श्रद्धा मात्र शाबूत होती.

पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. एक मागे रेलणारी खुर्ची, एक आरसा आणि दिवसभर नकारार्थी मान हलवणारा टेबलफॅन. नियम मात्र मोठ्या पार्लरचे. घामाने आणि उन्हाने कातडी आधीच हुळहुळलेली असते, म्हणून उन्हाळ्यात साखरेचा रवाळ स्क्रब बंद. ओट्सची वस्त्रगाळ पूड दह्यात कालवायची आणि झोपलेल्या मांजराला जाग येऊ नये इतक्या हलक्या हाताने फिरवायची. तीही मोजून. कपाळाला दहा गोल, गालांना आठ-आठ, नाकाला पाच. यात ताईंनी पदरचा एक नियम घातला होता : मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून. अर्धवट काम त्यांना खपत नसे.

त्या दुपारी तीन वाजता, रस्ता तव्यासारखा तापलेला असताना, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आत आल्या आणि ताईंचे हात गार पडले. खोलीत गार अशी तेवढीच गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शाळेत ताईंच्या लेकीची, बबडीची, पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. ही शाळा चालत सात मिनिटांवर. दुसरी शाळा दोन बस बदलून. बबडीचे बाबा रंगारी, सकाळी सातला शिडीवर चढायचे ते अंधार पडल्यावर उतरायचे. म्हणजे तिची ने-आण ताईंनीच करायची आणि पार्लरला कुलूप लावायचं.

"उद्या दिवसभर मुलाखती आहेत. चेहरा जरा माणसात आणा," मुख्याध्यापिका रेलून म्हणाल्या.

"हो मॅडम. एक, दोन, तीन..."

"तुमचीही मुलगी आहे ना उद्या?"

मुख्याध्यापिकेने विचारलं की उत्तर द्यायचं, हे ताईंच्या अंगात शाळेपासून मुरलेलं. "हो मॅडम. अकरावा नंबर," असं सांगेपर्यंत डाव्या गालाचा आकडा हरवला. पुन्हा एकपासून.

"अक्षरं येतात?"

"येतात मॅडम. काही उलटी येतात, पण येतात." पुन्हा एक.

"हट्टी आहे का?"

"छे! अगदी गरीब गाय," ताई म्हणाल्या. त्याच क्षणी आतल्या खोलीतून, दुसरा आंबा आत्ताच्या आत्ता पाहिजे, अशी किंकाळी आली. ताईंची बोटं नाकावर होती. ती गोल गोल फिरतच राहिली.

ओल्या टॉवेलने पुसल्यावर खरा प्रकार उघडकीला आला. गाल तांबडेलाल आणि नाक सिग्नलसारखं. ताईंनी आरशासमोर पटकन पावडरीचा डबा आणून ठेवला.

"बरं वाटतंय हो, अगदी हलकं हलकं!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"थोडी लाली राहते, मॅडम. उतरेल. फक्त आज उन्हात जाऊ नका."

"कसं जमणार? आत्ता मैदानाला कुंपण घालतायत. मी उभी नसले तर शेजारच्या गॅरेजलाही आत घेतील."

आणि त्या तशाच, छत्रीशिवाय, उन्हात गेल्या.

रात्री ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ते रंगाऱ्याच्या गांभीर्याने ऐकलं.

"किती हात मारलेस?"

"आठाच्या जागी पन्नास तरी."

"मग अस्तरापर्यंत गेली असशील. भिंत असती तर मी पुट्टी भरून दिली असती."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय! मुलीचं वर्ष जाईल!"

"अगं, एका नाकापायी कोणी मुलीला नापास करतं का?"

"तुमचं नाक असतं तर कळलं असतं."

हे म्हणत असतानाच ताईंना एक शास्त्रीय कल्पना सुचली. उरलेलं मिश्रण घेऊन त्यांनी स्वतःच्या उजव्या गालावर बरोबर पन्नास गोल फिरवले आणि घड्याळ लावून आरशासमोर बसल्या. तासाभरात लाली उतरली, तर मॅडमची सकाळपर्यंत नक्की उतरेल, असा हिशेब. तास झाला. दोन झाले. नवऱ्याने जेवायला हाक मारली तेव्हाही गाल होता तसाच होता. सकाळीही तो जागच्या जागी होता.

मुलाखतीच्या खोलीत पांढऱ्या भिंती, करडं कपाट, निळ्या खुर्च्या. मुख्याध्यापिका डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळून आल्या, बसल्या आणि ओढणी सोडली. नाकाचे पापुद्रे निघत होते. त्यांनी ताईंच्या गालाकडे पाहिलं. ताईंनी त्यांच्या नाकाकडे पाहिलं.

"बाळ, या खोलीतली एक लाल वस्तू दाखव बरं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

टेबलावर, त्यांच्याच कोपराखाली, लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. ताईंनी डोळ्यांनी जिवाच्या आकांताने त्या दिशेला खुणा केल्या. बबडीने भिंती पाहिल्या, कपाट पाहिलं, मग आईच्या डोळ्यांमागोमाग टेबलाकडे पाहिलं आणि जरा वर पाहिलं.

"तुमचं नाक," ती म्हणाली. मग, आईला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून, "आणि आईचा गाल."

मुख्याध्यापिकांनी कोपर उचललं, रजिस्टर उघडलं, त्यात बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "या तुम्ही."

ताई बाहेर आल्या त्या दोन बसचं वेळापत्रक मनात घोकतच. फॉर्म घेणाऱ्या क्लार्कच्या खिडकीशी त्या थांबल्या.

"भाऊ, मुलाखत अगदीच वाईट गेली तर... म्हणजे काही आशा असते का हो?"

"कसली आशा?" क्लार्कने मान वर न करता विचारलं आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे पेन केलं.

शाळेत पहिलीला चाळीस जागा होत्या. अर्ज एकतीस आले होते.