जळलेला घाणा

त्या बेकरीत दोन जावा राबायच्या. थोरली गल्ल्यावर, धाकटी भट्टीपाशी. थोरलीच्या तोंडाचा पट्टा दुकान उघडलं की सुरू व्हायचा आणि पाव जरा काळपट निघाले की त्याला धार चढायची. एवढ्या वर्षांत आपला एक घाणा जळाला नाही, याचा तिला कोण अभिमान! भट्टी सांभाळायची धाकटी, पण ते असो.

तर धाकटीला दिवस गेले. दोन पोरं पदरात होती आणि तिसरं नको, हे तिचं पक्कं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो "तू म्हणशील तसं" म्हणाला आणि पावाची गाडी घेऊन निघून गेला. याला समजूतदारपणा म्हणायचं की काखा वर करणं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

राहिली थोरली. तिने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, खोक्याशिवाय, कागदाच्या पुडीत.

"घे. गिळायच्या आणि मोकळं व्हायचं. शाळेची ऑर्डर तोंडावर आलीय, दवाखान्यात हेलपाटे घालायला वेळ कुणाला आहे?"

धाकटीने पुडी फळीवर ठेवली आणि कामाला लागली. भट्टी तापली की ती आधी चिमूटभर पीठ आत टाकायची. पीठ लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव आत सारायचे. त्या दिवशी पीठ टाकलं आणि तिची नजर फळीवर गेली.

"ताई, या गोळ्या कसल्या? किती दिवसांपर्यंत चालतात?"

"दुकानदाराने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही."

"पावासाठी मी पीठ टाकून बघते, आणि पोटात हे न बघताच टाकू?"

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जा बाई, जा. चारचौघींत उलटतपासणी झाली की कळेल!"

ती धास्ती धाकटीलाही होतीच. दवाखान्याच्या बाकावर बसून तिने तीन-चार खोटी उत्तरं पाठ करून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. दार लावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?"

"नकोय मला," धाकटी म्हणाली.

"बरं. किती दिवस झाले?"

धाकटीने त्या रात्रीपासून मोजून सांगितलं. भट्टीवाल्यांची मोजणीच तशी, पीठ मळलं की तिथून वेळ धरायची. डॉक्टरीणबाई हसल्या. "शेवटची पाळी आली त्या दिवसापासून धरायचं असतं. तुम्ही दोन आठवडे कमी सांगताय. म्हणून तर अंदाजाने गोळ्या घ्यायच्या नाहीत."

मग सोनोग्राफी झाली. गर्भ पिशवीतच होता. पिशवीबाहेर नळीत असता तर गोळ्यांचा उपयोग झाला नसता, उलट नळी फुटून जिवावर बेतलं असतं, हे ऐकून धाकटीला ती फळीवरची पुडी आठवली.

गोळ्या चालतात ती मुदत अजून उलटली नव्हती. बाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या. एक गोळी इथे घ्यायची, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या एक-दोन दिवसांनी घरी. कळा येतील, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, दुखण्याची गोळी देते. नाहीतर इथेच पिशवी साफ करायची, थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी. सही फक्त तुमची लागेल, नवऱ्याची नाही. धाकटीने गोळ्या निवडल्या आणि पहिली तिथेच घेतली.

"तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि दोन तास तसंच चाललं, किंवा ताप उतरेना, तर तडक इथे यायचं. नाहीतर दोन आठवड्यांनी तपासणीला. आणि घरी गोळ्या घ्याल त्या दिवशी जवळ कुणीतरी हवं. एकट्याने काढायचा दिवस नाही हा."

आता आली पंचाईत. तो दिवस नेमका शाळेच्या ऑर्डरीचा. धाकटीने घरी येऊन बाईंचं सगळं सांगणं थोरलीच्या कानावर घातलं.

"छान! बरा दिवस शोधलास," थोरली म्हणाली. बाकी सगळं तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बरण्या पुसत बसली. धाकटीला वाईट वाटलं. ती मनातून समजून चुकली की हे एकटीनेच निभवायचं आहे.

ऑर्डरीच्या दिवशी तिने भट्टी तापवून दिली, पीठ टाकून दाखवलं, आणि मागच्या खोलीत जाऊन बाईंनी दिलेल्या गोळ्या घेतल्या. थोरली एकेक घाणा आत सारायला लागली. दोनेक तासांनी रक्त जायला लागलं आणि मग कळा वाढत गेल्या. धाकटीने उशीत तोंड खुपसलं, दुकानात आवाज जाऊ नये म्हणून.

तरी गेलाच. थोरली दारात उभी राहिली, मग आत आली, गरम पाण्याची पिशवी तिच्या पोटावर ठेवली आणि कॉटच्या कडेला टेकली. दुकानातून कुणीतरी हाक मारली. ती उठली नाही.

मग करपल्याचा वास आला.

"ताई, भट्टी!"

"जळू दे."

"अहो, शाळेची ऑर्डर..."

"जळू दे म्हटलं ना! तासात कितवं पॅड हे? खरं सांग."

"पहिलंच."

"मागच्या तासात?"

"एकच."

"मग ठीक आहे. दुसरं लागलं तर सांगायचं. लपवायचं नाही."  थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला.

धूर दारातून आत यायला लागला. थोरली उठली, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसली.