अग्निशामक दलाचा दिवा

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसून फोन जोडायच्या म्हणून सगळे त्यांना बोर्डबाई म्हणत; त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. नात नोकरीसाठी दूर गेली होती आणि रविवारी दुपारच्या फोनवर दोघींना बोलायला काही उरत नसे. "जेवलीस का?" "जेवले." संपलं. शेवटी सुट्टीत आलेल्या नातीनेच कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिला. पाच जणांनी आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, मिळून राक्षसांशी लढायचं.

त्यात प्रत्येक योद्ध्याच्या बोटांची चाल निराळी. तलवारवाल्याला नऊ बटणं ठरल्या क्रमाने दाबावी लागत; बाई सहाव्यावर हमखास अडकायच्या, पाढा म्हणताना शिंक आल्यासारख्या. धनुर्धाऱ्याचे दोन बाण, मग थांबणं. बाई थांबल्या की थांबूनच राहायच्या. जादूगाराने आग साठवून एकदम सोडायची असते. बाई ती सुरुवातीलाच उधळून मोकळ्या व्हायच्या.

"आजी, तू वैद्यीण हो," नात म्हणाली. "तिला क्रमच नाही. प्रत्येकाच्या नावापुढे हिरवी पट्टी आहे. ज्याला लागेल त्याची पट्टी उतरते. बघायचं नि औषध द्यायचं."

बाई सरसावून बसल्या. बोर्डावर दिवा लागला की तिथे दोरी खोचून फोन जोडायचा, हेच तर त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत केलं होतं.

नात परत गेली आणि तिकडून जादूगार होऊन खेळू लागली. तरी तीन रविवार सगळे दगडी राक्षसापाशी मरत राहिले. कप्तान ढालवाला होता. एरवी त्याचं चष्म्यांचं दुकान. बोलायला रोखठोक. "आज नाही जमलं तर बाईंच्या जागी दुसरं कुणी बघू. राग मानू नका."

"राग कसला," बाई म्हणाल्या, पण कान तापले. ती जागा गेली की रविवार पुन्हा 'जेवलीस का'वर येणार होता.

लढाई सुरू झाली. धनुर्धाऱ्याला ओरखडा आला, बाईंनी औषध दिलं. तलवारवालीला खरचटलं, तिलाही दिलं. तोवर कप्तान कोसळला आणि त्याच्यामागे सगळेच.

"बाई, मी मरत होतो!"

"तुमचा नंबर तिसरा होता."

मग नात खदखदून हसली. "आजी, तू रांग लावतेस?"

"मग? आधी आला त्याला आधी. मी नगराध्यक्षांनाही थांबवलंय."

"कुणालाच कधी मध्ये घेतलं नाहीस?"

"अग्निशामक दलाला. त्यांचा दिवा लागला की हातातलं सोडून तिकडे."

"मग कप्तान म्हणजे अग्निशामक दल. ढाल घेऊन तोच सगळ्यांच्या वाट्याचा मार खातो ना!"

"हे तीन रविवार आधी सांगायला काय झालं होतं गं?"

दुसऱ्या खेपेला बाईंची नजर कप्तानाच्या पट्टीवरून हलली नाही. ती उतरली की आधी तिथे, मग बाकीचे. धनुर्धारी ओरडला, "बाई, माझ्याकडे बघा!"

"लाइनवर थांबा," बाई म्हणाल्या, अगदी जुन्या आवाजात. हसता हसता तलवारवालीचा क्रम चुकला, पण राक्षस पडला.

"आज्जी," कप्तान घसा खाकरून म्हणाला, "पुढच्या रविवारी दोन वाजता. उशीर नको."

सहा वर्षांनी तो खेळ बंद पडला. कप्तान अजून दुकान चालवतो. बाईंचा नंबर बदलला की टपालाने चष्मा येतो, आत चिठ्ठी असते, 'अग्निशामक दलाकडून'. तलवारवाली शाळेत शिकवायची, ती मुख्याध्यापिका झाली. धनुर्धारी ट्रक चालवायचा. तो दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बायकोने बाईंना फोन करून सांगितलं, घरात कुणी घाई केली की तो शेवटपर्यंत "लाइनवर थांबा" म्हणायचा. नात तिकडेच रमली, दोन मुलींची आई झाली. तिचा रविवारचा फोन आता तासभर चालतो.

बाईंची बोटं हल्ली थरथरतात. दुपारी आडवं पडल्यावर त्या एकेकाची आठवण काढून मनातल्या मनात आभार मानतात. तिथेही रांग असते, पण नातीला त्या मध्ये घेतात.