सरांनी पायाला हात लावला

कृष्णातच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. कवठे महांकाळच्या पलीकडल्या खेड्यातून अकरावी मॅट्रिक पास होऊन तो सांगलीला सायन्सला आला, तोच मुळी जीव मुठीत घेऊन. निघताना त्याच्या वडलांनी, आबांनी, बजावलं होतं, "नीट ऱ्हा. तिथनं काडून लावलं, तर पुना शिक्शनाचं नाव काडायचं न्हाई. मागं तुजी दोन भावंडं हायत." आबा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

तेव्हा पोराचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, आपल्याला काढून लावू नये. शेजारच्याला कोपर लागलं तरी हा दचकायचा. तास इंग्रजीतून, सगळे डोक्यावरून जायचे. विचारावं तर शहरातली पोरं हसणार. घरी विचारावं तर तिथं कुणाला काय ठाऊक?

मग आला प्रॅक्टिकलचा पहिला दिवस. प्रयोगशाळेच्या दारात यानं वहाणा काढल्या. का म्हणून काय विचारता! गावच्या शाळेत सारवलेल्या जमिनीवर वहाणा घालून कोण शिरेल? विद्येची जागा ती. आत जाऊन बघतो, तर सगळ्यांच्या पायांत बूट, नाहीतर चपला. आता परत दाराकडं जावं तर साऱ्यांच्या नजरा वळणार. राहिला तसाच, एका पायामागं दुसरा पाय लपवत.

आणि नको तेच झालं. शेजारच्या पोराच्या हातून ॲसिडची बाटली कलंडली आणि टेबलावरून ओघळ आला तो थेट कृष्णातच्या पायावर. निखारा ठेवावा तशी आग उठली. गडी ओरडला का? छे! ओरडलं तर सर येणार, आले की अनवाणी पाय दिसणार, मग चंबूगबाळं आवरून घरी. त्यानं ओठ दातांत धरला. डोळ्यांतलं पाणी मात्र थांबेना.

ते प्रॅक्टिकल घेणाऱ्या परचुरे सरांना दिसलं. त्यांनी खाली पाहिलं मात्र, "अरे वेड्या!" म्हणून धावलेच. त्याला धरून स्टुलावर बसवलं, पाण्याची बादली ओढली, आणि कॉलेजातले सगळ्यात कडक म्हणून नाव असलेले ते सर त्याच्यापुढं फरशीवर बसले. त्याचा पाय त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

आता मात्र कृष्णातची पाचावर धारण बसली. ज्यांच्या पायावर डोकं ठेवायचं, ते आपला पाय धरून बसलेत! हे पाप कुठं फेडायचं? "सर, नको! हात लावू नका!" म्हणत त्यानं पाय जोरात ओढला. पाय ओला, सुटला, आणि फाडकन सरांच्या तोंडावर बसला. चष्मा फरशीवर पडून फुटला.

कृष्णात उठला आणि लंगडत पळत सुटला, तो एसटी स्टँडवर जाऊनच थांबला.

घरी त्याची आई, रंगूबाई, पाय बघून रडायलाच लागली. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "मास्तरला लाथ मारलीस?" एवढंच म्हणाले. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण सकाळी फेटा बांधून म्हणाले, "चल माज्यासंगं."

वाटभर कृष्णातला एकच आधार होता, आबा बोलतील. ज्या माणसानं लढाईत गोळ्या अंगावरून जाताना पाहिल्या, तो मास्तराला काय भितोय! सरांच्या खोलीच्या दारात दोघं उभे राहिले. सरांनी मान वर केली. आबांनी हात जोडले. "सायेब," ते म्हणाले, आणि पुढं शब्दच फुटेना. फेट्याखालून घामाची धार लागली.

कृष्णात बघतच राहिला. आबांना घाबरलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आबा नुसते हात जोडून उभे. शेवटी तोच पुढं झाला. "सर, मी चुकलो. मुद्दाम नाही मारलं. पण मला काढू नका, मला शिकायचंय."

"तुला काढतंय कोण?" सर जुना चष्मा सावरत म्हणाले. "आधी डॉक्टरला पाय दाखव, आणि मग तासाला बस."

बाहेर आल्यावर आबांनी त्याची बाही धरली. "काय म्हनलं रं सायेब? ठेवलं का तुला?"

सर तर मराठीतच बोलले होते. भीतीनं आबांच्या कानांत काही शिरलंच नव्हतं.

"ठेवलं, आबा," तो म्हणाला, आणि बापाचा दंड धरून त्यांना जिन्याकडं नेऊ लागला. आजवर घाबरला की तो आबांना आठवायचा. आता कुणाला आठवायचं, हे त्याला कळेना.